कानाचा सातबारा

शेतजमिनीचा सातबारा काढला की कधीकधी त्यावर इतकी नावे निघतात की मूळ मालक कोण, याचाच उलगडा होत नाही. तुकडा चार गुंठ्यांचा. पण त्यात चुलत्यांचा वाटा, आत्याचा हक्क, शेजाऱ्याची पायवाट आणि कुठल्याशा जुन्या कर्जाचा बोजा. माणसाच्या शरीरातही असा एक तुकडा आहे. त्याचे नाव कान. वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त छळणारा प्रश्न कोणता, असे कोणी विचारले तर मी हाच सांगेन : ‘कानाला येणारे मज्जातंतू लिहा.’ करंगळीच्या टोकाबद्दल विचारले तर उत्तरात एकच नाव येते. कानाच्या उत्तरात सहा येतात.

ही नावे पाठ करण्याची गरज वाचकाला नाही. पण ती तिथे का आहेत, हे कळले तर रोजच्या अनुभवातली काही कोडी सुटतात. दाढ किडली की कान का ठणकतो, कानात काडी घातली की एखाद्याला खोकला का येतो, चेहरा वाकडा झालेल्या माणसाला भांड्याचा आवाजही का सोसत नाही. आणि कधीकधी या नावांच्या यादीवर एखाद्याचा जीवही अवलंबून असतो.

दर्शनी भाग

आरशासमोर उभे राहून कानाला हात लावा. खाली लोंबते ती पाळी. तिच्यात कूर्चा नाही. फक्त कातडी आणि थोडी चरबी. म्हणून सोनार बाळाचा कान टोचतो तो इथे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्याचा आणि तुटलेली पाळी सांधण्याचा आहे. पाळी जोडण्याच्या पंधरा रीती त्यात सांगितल्या आहेत. पाळीच्या वर मात्र कूर्चेचा सांगाडा सुरू होतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिचे पोषण वरच्या पातळ आवरणातून होते. कानाला जबर मार बसला की आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचते, खालची कूर्चा उपाशी मरते आणि कान वेडावाकडा जाड होतो. कोल्हापूरच्या तालमींतल्या जुन्या पैलवानांचे मोडलेले कान असेच घडलेले असतात. पाळीऐवजी वरच्या कडेला टोचून घेण्याची हौस असेल, तर जंतुसंसर्ग झाल्यास तो कूर्चेला गाठतो आणि कानाचा आकारच बिघडवू शकतो, हे लक्षात ठेवावे.

आता नावे पाहू. पाळी आणि कानाच्या पाठीमागचा बराचसा भाग मानेच्या ताब्यात आहे. मानेतून निघणाऱ्या दुसऱ्या व तिसऱ्या मज्जातंतूंच्या फांद्या मानेच्या जाड स्नायूला वळसा घालून वर येतात आणि कानात शिरतात. कानाच्या भोकापुढे जो लहानसा उंचवटा असतो तो आणि कानाची पुढची वरची कड, हा भाग मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूचा. हाच पाचवा मज्जातंतू दातांना, हिरड्यांना, जबड्याच्या सांध्याला आणि जिभेच्या पुढच्या भागाला संवेदना देतो. भोकाभोवतीची जी खोलगट वाटी आहे, तिथे सातव्या आणि दहाव्याची हद्द एकमेकांत मिसळलेली आहे. सातवा हा चेहऱ्याच्या हालचालींचा मज्जातंतू. त्याचा त्वचेवरचा हा वाटा इतका लहान आहे की तो सहज नजरेतून सुटतो. परंतु नागीण या मज्जातंतूवर उठली की कानाच्या वाटीत पुरळ येते आणि त्याच बाजूचा चेहरा लुळा पडतो. अमेरिकन डॉक्टर जेम्स रॅम्से हंट यांनी १९०७ साली या दुखण्याचे वर्णन केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

वाटीतून आत गेले की सुमारे अडीच सेंटीमीटरची नळी लागते. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, आतला दोन तृतीयांश हाडाचा. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त बाहेरच्या हिश्शात असतात. मळ आपोआप बाहेर सरकत असतो. काडी घालणारा माणूस तो जिथे कधीच नव्हता तिथे आत ढकलतो. या नळीची पुढची भिंत आणि छत पाचव्याचे, मागची भिंत आणि तळ दहाव्याचा. दहावा म्हणजे व्हेगस. घसा, स्वरयंत्र, फुप्फुसे, हृदय, जठर असा लांबचा प्रवास करणारा हा मज्जातंतू वाटेत एक बारीक फांदी कानाकडे धाडतो. फ्रीडरिश आर्नोल्ड या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाचे नाव त्या फांदीला आहे. काही माणसांच्या कानाच्या मागच्या भिंतीला काडी लागताच त्यांना खोकल्याची उबळ येते, ती याच फांदीमुळे. स्वरयंत्राला काही टोचले की कानाला, याचा मेंदूला नीट पत्ता लागत नाही. मग तो सावधगिरी म्हणून खोकून घेतो.

नळीच्या शेवटी कानाचा पडदा. व्यास जेमतेम एक सेंटीमीटर, जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. त्याची बाहेरची बाजू बरीचशी पाचव्या आणि दहाव्याकडे; आतली बाजू मात्र नवव्याकडे. हा नववा घशाचा आणि जिभेच्या मागच्या तिसऱ्या हिश्शाचा मज्जातंतू. कानातल्या त्याच्या फांदीला डेन्मार्कच्या लुडविग याकोबसन यांचे नाव आहे.

मान, पाचवा, सातवा, नववा, दहावा. पाच नावे झाली. सहावे शेवटी सांगते.

वाटण्या कशा झाल्या

एवढे भागीदार एका तुकड्यावर कसे आले, याचे उत्तर गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात सापडते. त्या वेळी गर्भाच्या मानेच्या दोन्ही बाजूंना पट्ट्यांसारखे उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. माशांमध्ये याच जागी कल्ले बनतात. आपल्यात त्यांपासून जबडा, चेहरा, घसा आणि स्वरयंत्र घडते. प्रत्येक पट्टीचा मज्जातंतू ठरलेला. पहिलीचा पाचवा, दुसरीचा सातवा, तिसरीचा नववा, त्यापुढच्यांचा दहावा. पट्टीतून पुढे काहीही बनो आणि ते कुठेही सरको, मज्जातंतू आपले माणूस सोडत नाही.

कानाचा बाहेरचा भाग पहिल्या आणि दुसऱ्या पट्टीच्या सीमेवर, मधल्या खाचेच्या काठांवर उगवतो. प्रत्येक बाजूला तीन अशा सहा बारीक गाठी तिथे येतात आणि एकमेकींना जुळून कान तयार होतो. ही खाच खोल होत जाऊन कानाची नळी बनते. आतल्या बाजूने घशाचा एक खिसा बाहेर वाढत येतो. तोच पुढे मध्यकर्ण. बाहेरची खाच आणि आतला खिसा जिथे भेटतात, तिथे पडदा ताणला जातो. पडद्याच्या दोन बाजूंना वेगवेगळे मज्जातंतू का, याचे कारण हे. बाहेरची बाजू कातडीची, आतली घशाची. शिवाय सुरुवातीला कान डोक्याच्या बाजूला नसतोच. तो खाली मानेजवळ असतो आणि जबडा वाढत जातो तसा वर चढतो. मानेचा वाटा कानात आहे तो या जुन्या शेजारामुळे.

थोडक्यात, कान ही शिवेवरची जमीन आहे. शिवेवरच्या जमिनीत सगळ्यांचेच पाय असतात.

दुखतो कान, दुखणे भलतीकडे

आता यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. मेंदूला वेदना कळते ती मज्जातंतूवरून आलेल्या निरोपाने. एकाच मज्जातंतूच्या दोन फांद्या दोन ठिकाणांहून निरोप आणत असतील, तर मेंदू कधीकधी पत्ता चुकतो. खालची दाढ किडली तर निरोप पाचव्यावरून येतो. पाचव्याची एक फांदी कानात आहे. माणूस म्हणतो, कान दुखतो. जबड्याचा सांधा दुखावला तरी तेच. लहान मुलाच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते कान धरून रडते. आई घाबरते, पण कान ठीक असतो. टॉन्सिलची जखम नवव्यावरून बोलत असते. मानेच्या मणक्यांची झीज पाळीमागे दुखू शकते. कान तपासून त्यात काहीच दोष सापडला नाही, तर शोध संपत नाही. इथून तो सुरू होतो.

आमच्या विभागात एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. एकदा शवविच्छेदनाच्या तासानंतर खिडक्या लावता लावता ते म्हणाले, “बाई, तीन महिने झाले, उजवा कान ठणकतोय. थेंब घातले, लसणाचं तेल घातलं. दोन ठिकाणी दाखवलं. कान साफ आहे म्हणतात.”

मी विचारले, “मामा, गिळताना दुखतं का?”

“घास अडकल्यासारखा होतो. पण ते घशाचं झालं, बाई. मी कानाचं बोलतोय.”

मामांच्या खिशात चुना-तंबाखूची डबी असे, हे सगळ्या महाविद्यालयाला ठाऊक होते. त्याच दुपारी मी त्यांना कान-नाक-घसा विभागातल्या सहकाऱ्याकडे घेऊन गेले. दुर्बिणीतून घसा पाहिला तेव्हा जिभेच्या मुळाशी उजवीकडे व्रण दिसला. तपासणीत कर्करोग निघाला. किरणोपचार झाले, औषधे झाली. तोंडाला कायमची कोरड पडली. पाण्याचा तांब्या जवळ नसेल तर घास उतरत नाही. पण मामा आज गावी आहेत आणि नातवाला शाळेत सोडायला जातात.

जिभेचे मूळ नवव्याचे. त्याखालचा घसा आणि स्वरयंत्राचा वरचा भाग दहाव्याचा. या जागा आरशात दिसत नाहीत, तोंड उघडूनही दिसत नाहीत. तिथला कर्करोग सुरुवातीला फारसे बोलत नाही. आणि बोललाच, तर काही रुग्णांत तो आधी कानातून बोलतो. ज्या राज्यात तंबाखू पानटपरीवर पुडीत मिळते आणि मिसरी सकाळच्या चहाइतकी घरगुती आहे, तिथे हे प्रत्येक घराला माहीत असायला हवे. प्रौढ माणसाचा एकच कान दोन-तीन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, कान तपासून स्वच्छ निघाला असेल आणि तंबाखू, विडी किंवा दारूची सवय असेल, तर घसा दुर्बिणीतून पाहून घेतलाच पाहिजे. बरोबर गिळताना त्रास, आवाजात बदल किंवा मानेत गाठ असेल तर एक दिवसही थांबू नये. कानात तेल घालून वाट पाहण्यात महिने जातात, आणि या दुखण्यात महिन्यांना किंमत असते.

वहिवाटीचा रस्ता

पडद्याच्या पलीकडे मध्यकर्णाची हवेने भरलेली लहानशी खोली आहे. तिचा एक बोळ घशात उघडतो. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन वैद्याचे नाव त्या नळीला आहे. घाट चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की मोकळे होतात, कारण गिळताना ही नळी उघडते आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते. म्हणून सर्दी झाली की त्यांचा कान लगेच दुखतो आणि फुटतो.

या खोलीत तीन हाडे आहेत. हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, उंची सुमारे तीन मिलिमीटर. अंतःकर्णात पाणी आहे, आणि हवेतला ध्वनी पाण्यावर आदळला की त्यातली जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते. नदीत बुडी मारल्यावर काठावरच्या हाका ऐकू येईनाशा होतात ते यामुळेच. ही अडचण हाडे सोडवतात. मोठ्या पडद्यावरचा दाब ती रिकिबीच्या चिमुकल्या तळव्यावर एकवटतात आणि तरफेचाही थोडा फायदा घेतात. दोन्ही मिळून दाब वीसपटींहून थोडा अधिक वाढतो.

१८३७ साली कार्ल रायशर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने गर्भांचा अभ्यास करून दाखवले, की हातोडी आणि ऐरण ही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातली हाडे आहेत. सस्तन प्राण्यांत जबड्याचा नवा सांधा झाला आणि जुनी हाडे ऐकण्याच्या कामाला लागली. याची साक्ष मज्जातंतू आजही देतात. हातोडीला ओढणारा स्नायू पाचव्याच्या हुकमात आहे; आपले चावण्याचे स्नायूही त्याच्याच हुकमात आहेत. रिकिबीचा स्नायू मात्र सातव्याचा, कारण रिकीब दुसऱ्या पट्टीतली.

हा रिकिबीचा स्नायू मोठा आवाज आला की आकसतो आणि हाडांची हालचाल आवरतो. सातवा मज्जातंतू लुळा पडला की चेहरा वाकडा होतो, डोळा मिटत नाही, आणि हा लगामही सुटतो. मग ताटावर पडलेला चमचाही कानात घणासारखा लागतो.

मध्यकर्णातून आणखी एक वाट जाते. सातव्याची एक बारीक फांदी पडद्यामागून, हातोडी आणि ऐरण यांच्यामधून, तारेसारखी आडवी जाते. तिचे कानाशी काही काम नाही. ती जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव आणते आणि लाळग्रंथींना हुकूम नेते. सातबाऱ्यावरचा वहिवाटीचा रस्ता म्हणावा तशी. कानाच्या शस्त्रक्रियेत ती दुखावली तर रुग्ण तक्रार करतो, की जिभेच्या एका बाजूला लोखंडासारखी चव येते.

सहावे नाव

आता सहावे नाव. आठवा मज्जातंतू. बाकीचे पाच कानाच्या कातडीची, स्नायूंची, वेदनेची कामे पाहतात. ऐकणे एकट्या आठव्याचे. कवटीतल्या अत्यंत टणक हाडात, सातव्याच्या सोबतीने, तो सुमारे एक सेंटीमीटरच्या बोगद्यातून येतो. हे हाड इतके घट्ट आहे, की हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांतून डीएनए मिळवणारे संशोधक आधी तेच शोधतात.

आठव्याचा एक फाटा तोल सांभाळतो, दुसरा शंखाकृती नळीत जातो. अडीच वेढ्यांची ही नळी उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर भरते. २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे साधारण दहा सप्तके, एवढ्याशा पट्टीवर ओळीने मांडलेली आहेत. पेटीच्या पट्ट्या असाव्यात तशी. तळाशी तार स्वर, टोकाशी खर्ज. ध्वनीची लाट या पडद्यावरून कशी धावते हे दाखवल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ सालचे नोबेल मिळाले. पट्टीवर केसाळ पेशींच्या रांगा आहेत : आतली एक, सुमारे ३,५०० पेशींची, आणि बाहेरच्या तीन, सुमारे १२,००० पेशींच्या. आठव्याला निरोप देण्याचे काम मुख्यतः आतल्या रांगेचे. बाहेरच्या पेशी स्वतः लांब-आखूड होऊन क्षीण आवाज वाढवतात. त्या नादात कान स्वतःच अगदी हलका आवाज करतो. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये तो टिपला. त्याच तत्त्वावर आज झोपलेल्या नवजात बाळाची श्रवणचाचणी काही मिनिटांत होते.

डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक. कानात ऐकणाऱ्या पेशी पंधरा-सोळा हजार. यातली एक मेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. तळाकडच्या, म्हणजे तार स्वरांच्या पेशी आधी जातात. स, श यांसारखी व्यंजने त्याच भागात ऐकू येतात. म्हणून उतारवयातली माणसे म्हणतात, “आवाज येतो रे, पण शब्द कळत नाही.” ‘सात’ म्हटले की त्यांना ‘हात’ ऐकू येते. घरचे चिडून ओरडतात. पण ओरडण्याने स्वर वाढतात, हरवलेले व्यंजन परत येत नाही. अशा माणसाशी समोर बसून, सावकाश बोलावे आणि त्याला श्रवणयंत्रासाठी तपासून घ्यावे.

पेशी वाचल्या तरी सुटका नाही. २००९ साली अमेरिकेत शेरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची श्रवणचाचणी पूर्ववत झाली, पेशीही शाबूत होत्या. पण पेशी आणि आठवा मज्जातंतू यांच्यातले, तार स्वरांच्या भागातले जवळजवळ निम्मे सांधे कायमचे तुटले होते.

दिवाळीच्या अंकात हे सांगण्याचे कारण उघड आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो; दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. फटाक्याचा आवाज फुटण्याच्या ठिकाणापासून ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या आत असावा, असा आपला नियम आहे. अंतर निम्मे झाले की सहा डेसिबल वाढतात. सुतळी बॉम्बपासून मीटरभर अंतरावर उभ्या मुलाच्या कानापर्यंत किती पोहोचते, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. रिकिबीचा लगामही इथे कामाला येत नाही. तो पुरता ओढला जायला सेकंदाचा दहावा हिस्सा तरी लागतो. फटाका त्याआधीच वाजून गेलेला असतो.

सातबाऱ्यावरची पहिली पाच नावे भांडखोर आहेत. दाढेचे, घशाचे, मानेचे भांडणही ती कानात आणून भांडतात, आणि म्हणूनच कधीकधी जीव वाचतो. आठवा मात्र अबोल. त्याचे नुकसान होताना बहुधा काहीच दुखत नाही. फटाके उडवून घरात आल्यावर रात्री कानात बारीक गुंई आवाज येत राहिला, दडे बसल्यासारखे वाटले, तर तेवढीच त्याची तक्रार समजावी. ती सकाळपर्यंत थांबली तरी झालेले नुकसान भरून निघाले असे नाही. आणि थांबली नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर भाऊबीज होऊन जाण्याची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.